बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि डेस्कटॉप बंद पडतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं असेल का?

दुकानदाराने कॅबिनेट उघडून, मल्टिमीटर लावून सांगितलं का? नसेल तर त्याचं काही ऐकू नका. "मदरबोर्ड गेला" हे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे.

धरणगावकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी बरीच वर्षं कारकुनी केली. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की ट्रॅक्टर आणि छोटा हत्तींची रांग फाटकाबाहेर जाते. अशाच ऐन सीझनमध्ये एका सकाळी काट्याचा कॉम्प्युटर चालूच होईना. इंडिकेटरवर वजन दिसत होतं, पण पावती निघत नव्हती. हाताने पावत्या फाडायला घेतल्या तर शेतकऱ्यांनी ओरडा केला, कॉम्प्युटरचीच पाहिजे. त्यांचं बरोबरच होतं. हातच्या पावतीत वजन कुठे मुरतं हे खानदेशातल्या कापूसवाल्याला शिकवावं लागत नाही.

माझ्या साडूने त्याच्या ओळखीचा रिपेअरवाला पाठवला. तो आला, बटण दाबलं, कॅबिनेटला नाक लावून वास घेतला आणि म्हणाला, "मदरबोर्ड उडना भो, नवा सेटच लई ल्या." खिशातला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा बाहेर काढला नाही! बाहेर गाड्या खोळंबलेल्या, त्यामुळे शेठ पैसे मोजायला तयार. मी म्हटलं, चहा होईपर्यंत थांबा.

कॅबिनेट फिरवून पाहिलं तर एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीवर रुईची गोधडी बसलेली. ब्रशने हलेना. चिमटीत धरून ओढली तेव्हा अख्खी सोलून निघाली, आतल्या बाजूला पंख्याचा काळपट गोल उमटलेला. हवा कोंडली की आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे नळकांडे, तापतात, आणि दर १० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात ही गोधडी. मल्टिमीटर लावला. कॉम्प्युटर बंद असतानाही भिंतीवरचा स्विच चालू असेल तर मोठ्या २४ पिनांच्या जोडणीतल्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट हवेत, बटणाचं सगळं काम त्यावर चालतं. तिथे साडेतीनसुद्धा धड येत नव्हते. अकाउंटच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस काढून जोडला, बटण दाबलं, एक बीप, आणि पहिली पावती बाहेर. रिपेअरवाल्याचा चहा अजून अर्धा होता.

तेव्हापासून साडूचा माझ्यावर राग. मी म्हणे चारचौघांत त्याच्या माणसाची इज्जत घालवली. कुठल्याही लग्नात पंगतीला शेजारी बसलो की हाच विषय: "पाच वर्षं झाली की कॉम्प्युटर बदलायचा, जुन्याला पैसे लावू नये." शिवाय त्याचा हुकमी मुद्दा असा की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणजे बोर्डच शॉर्ट होता. अहो, काट्याच्या केबिनला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर २३० च्या जवळपास निम्मे व्होल्ट कॅबिनेटवर आणून ठेवतात. करंट नगण्य असतो, पण हाताला कळतो. बोर्डाचा त्यात काडीचा संबंध नाही. तीच मशीन त्याच बोर्डावर पुढे कित्येक सीझन चालली. हे उत्तर त्याला पाठवणारच आहे.

आता तुमचं. आमची मशीन पूर्ण मेलेली होती, तुमचा पंखा हलून थांबतो, म्हणजे बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतोय. आधी समोरच्या यूएसबी पोर्टात डोकावून पाहा, आतल्या पिना वाकून एकमेकींना चिकटल्या की नेमकं असंच होतं. मग ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क सगळं काढा, एकच रॅम ठेवा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून घ्या. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर नीट बसली आहे का तेही बघा. तरीही तसंच झालं तर कुणाकडून चालू एसएमपीएस मागून लावून पाहा. सीआर २०३२ ची बटणबॅटरी बदला असं सगळे सांगतात, पण ती संपली तर सहसा तारीख-वेळ बिघडते.

हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस एकटा चालवून बघायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बोर्डापासून सोडवूनच करा, आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नका. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ च्या आत यायला पाहिजे, तेही काहीतरी लोड असताना.

एक राहिलंच. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात. आणि हो, मदरबोर्ड कधी जातच नाही असं नाही. चांगला एसएमपीएस लावून, सगळं सुटं करूनही पंखा तसाच थांबत असेल, किंवा प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर दुकानदाराचं खरं असू शकतं. फक्त तो बोर्ड बदलायला निघाला की जुना हातात मागून घ्या.