स्कॉटलंडच्या बालगृहात काम करायचंय? मग आधी नोंदवहीचं बघा

नाशिकच्या बालगृहात सहा वर्षं काम केलंय, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे ग्लासगोला येताय, आणि इथे तसंच काम मिळेल का, मिळालं तर इथल्या मुलांचं बोलणं तरी कळेल का, असं विचारलंत. मी अकरा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदपत्रांचं आधी उरकतो. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते. मुलांबरोबर काम करायला डिस्क्लोजर स्कॉटलंड या सरकारी संस्थेच्या पीव्हीजी योजनेत (म्हणजे गुन्ह्यांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या) नाव असणं सक्तीचं आहे, शिवाय एसएसएससीकडे, म्हणजे इथल्या समाजसेवा कर्मचाऱ्यांच्या परिषदेकडे, नोंदणी लागते. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मात्र तुम्ही भारतातून निघण्याआधीच पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून घ्या. मी इथे आल्यावर काढायला गेलो आणि मेटाकुटीला आलो. गाडी चालवता येत असेल तर उत्तम. आपलं लायसन्स इथे १२ महिने चालतं, पुढे परीक्षा द्यावी लागते. शाळा, दाताचा डॉक्टर, फुटबॉल यांच्या चकरांमध्येच अर्धी शिफ्ट जाते.

आता मुख्य गोष्ट. तिथलं बालगृह डोळ्यांसमोर आणू नका. इथे साध्या गल्लीतलं साधं घर असतं, चार-पाच मुलं, दारावर पाटीसुद्धा नाही. पूर्वी मात्र सगळा मामला मोठा होता. विल्यम क्वॅरियर यांनी ग्लासगोजवळ ब्रिज ऑफ वियरला १८७० च्या दशकात अनाथ मुलांसाठी अख्खं गावच वसवायला घेतलं. तिथून हजारो मुलं बोटीने कॅनडाला गेली. उत्तरेकडचा ॲबरलूरचा अनाथाश्रम १८७५ ते १९६७ चालला.

आमच्या घराची बाग बघायला एक निवृत्त गृहस्थ यायचे. तेही पन्नासच्या दशकात एका मोठ्या संस्थेत वाढलेले. वरच्या दोन्हींपैकी नव्हे, आणि तिचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या मोज्यांवर लाल दोऱ्याने २७ आकडा शिवलेला असायचा. धुलाईला सोयीचं म्हणून. पण हाकही त्याच आकड्याने मारायचे. धाकटा भाऊ त्याच आवारात, पण दुसऱ्या इमारतीत. दिसायचा फक्त रविवारी चर्चमध्ये, तीन बाकं पुढे. मागे वळलं की बोलणी बसत, म्हणून दिसायची ती त्याची मान. "भावाचा चेहरा आठवत नाही, मान आठवते," म्हणायचे. एका रविवारी ती जागा रिकामी होती. कुठे गेला, कोणी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलंही नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

साठी उलटल्यावर त्यांनी आपली फाईल मागवली. नऊ वर्षांच्या मुक्कामाची चार पानं निघाली. उंची, वजन, बुटांचे दोन जोड, 'वर्तन समाधानकारक'. भावाचं नाव कुठेच नाही. ती पानं त्यांनी माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली होती. चहा तसाच गार झाला.

तेव्हापासून मुलांच्या नोंदवहीतलं माझं लिहिणं बदललं. आधी मी लिहायचो, '१९:४० ला आक्रमक वर्तन'. हल्ली इथे बऱ्याच ठिकाणी मुलालाच उद्देशून लिहितात, तसं मीही लिहितो: 'आज तू दार आपटलंस. आईचा फोन येणार होता, आला नाही. मग आपण टोस्ट केले, माझा तू जाळलास.' तुम्हाला शासकीय अहवालांची भाषा अंगवळणी पडली असेल. ती विमानतळावरच सोडा.

नियम खूप आहेत, सुरुवातीला जाच वाटेल. पण संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी इथे २०१५ पासून चालू आहे, हे विसरू नका. भावंडांची ताटातूट टाळण्याचं बंधन २०२१ पासून स्थानिक प्रशासनावर आहे. आमच्या माळीबुवांना जरा उशीरच झाला म्हणायचा. आणि मुलांवर हात उचलणं ७ नोव्हेंबर २०२० पासून पालकांनाही बंद आहे. घरी एक धपाटासुद्धा नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना, दोघांनाही सांगतोय.

राहिला भाषेचा प्रश्न. आयईएल्ट्सचे गुण इथे कामाचे नाहीत. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "गिव्ह अस अ पीस." कसला पीस, काही कळेना. सहकाऱ्याने सांगितलं, पीस म्हणजे सँडविच. 'अस' म्हणजे सगळ्यांना, असं समजून मी चार जॅम सँडविचं केली. इथे 'अस' म्हणजे 'मला'. तिने माझ्याकडे बघितलं, दोन खाल्ली आणि दोन नॅपकिनमध्ये गुंडाळून खोलीत नेली. उशीखाली सापडली. का ठेवली, ते मी विचारलं नाही. नोंदीत मात्र लिहिलं, कारण पुढे कधी तिने फाईल मागवली तर ती चार सँडविचं तिला तिथे सापडायला हवीत.

सर्टिफिकेटचा अर्ज टाकलात की कळवा, मुलाखतीत काय विचारतात ते सांगेन.