इंडियन भांडं काढून कमोड बसवला, पण फ्लश नीट होत नाही. मोठी टाकी घेऊ का?

शहापूरच्या जुन्या घरात तुम्ही स्वतः इंडियन भांडं काढून कमोड बसवलात, नवी फरशी घातलीत, आणि आता फ्लश केला की पाणी काठापर्यंत चढतं, सावकाश उतरतं, घाण मात्र तिथंच. मोठी टाकी घेऊ नका. मी बेळगावात सॅनिटरीच्या दुकानात काउंटरला असतो. जुन्या घरांतून ही तक्रार नेहमी येते, आणि बऱ्याच जणांनी तोवर टाकी बदलून पैसे घालवलेले असतात.

आधी टाकीला हात न लावता आठ-दहा लिटरची बादली एका दमात कमोडात ओता. गडगड करत सगळं ओढून नेलं तर खालची लाईन चांगली, दोष टाकीत. मग टाकीतलं पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली येईल असा फ्लोट लावा. फरशीच्या कामातली वाळू व्हॉल्वच्या जाळीत अडकली असेल तर धुऊन काढा. बोअरचं पाणी असेल तर कमोडच्या काठाखालची भोकं क्षारानं बुजतात, ती तारेनं मोकळी करा. ॲसिड वापरलंत तर त्यात ब्लीचिंग अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

बादली ओतूनही पाणी वर चढलं, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तेच होईल, तर दोष खाली आहे. जुन्या भांड्याखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून वास अडवणारा वाकडा पाईप, काढलात का? ओरिसा पॅनला, म्हणजे त्या इंडियन भांड्याला, स्वतःचा ट्रॅप नसतो, म्हणून गवंडी तो फरशीखाली वेगळा बसवतो. कमोडचा ट्रॅप मात्र त्याच्या अंगातच असतो. खालचा तसाच ठेवून वर कमोड बसवला की एका लाईनीत दोन ट्रॅप झाले. दोन्हींत पाणी उभं आणि मधे हवा कोंडलेली. ती हवा वरच्या पाण्याला अडवते, आणि घाण ओढून नेणारा सायफन धरतच नाही. मग टाकी सहा लिटरची असो की दहाची, फरक पडत नाही.

खात्री करायची तर कमोड उचला आणि पाईपात बॅटरी मारून बघा. थोड्याच खाली पाणी चमकलं तर ट्रॅप तिथं आहे. तेवढीच फरशी फोडून तो काढा आणि चार इंची पाईप सरळ चेंबरला जोडा. ढाळ दहा फुटाला तीन इंच ठेवा. काम चालू असताना पाईपाच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा, कारण आत पडलेला सिमेंटचा गोळा नंतर निघत नाही. कमोड परत बसवताना पाईपाचा मध्य भिंतीपासून किती, ते टाइल्स लागल्यानंतर मोजा. एस ट्रॅपचा, म्हणजे खाली फरशीत सोडणारा कमोड नऊ इंचीही येतो आणि बारा इंचीही. माप चुकलं की लोक मधे वाकडा जोड घालतात आणि लाईन पुन्हा तिथंच अडते.

खाली ट्रॅप नसेलच तर लाईनीतली हवा बाहेर सोडणारा पाईप बघा. कौलं काढून स्लॅब टाकताना किंवा भिंतीला टाइल्स लावताना तो बुजवलेला मी बऱ्याच घरांत पाहिलाय. तो छपराच्या वर उघडा हवा, तोंडाला जाळी लावून.

शहरात ड्रेनेजला जोडलेलं असेल तर रस्त्याकडचं चेंबर उघडून बघितलं की पुरे. हेच वाचून खानापूर भागातलं कुणी करणार असेल तर वेगळं सांगतो. तिकडं सेप्टिक टाकी असते, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात जमीनच भिजून तुडुंब झाल्यामुळं शोषखड्डा पाणी घेत नाही. फ्लशचा त्रास फक्त पावसाळ्यातच होत असेल तर कमोडला हात लावू नका, आधी सेप्टिक टाकीचं झाकण काढून आतलं पाणी कुठवर आलंय ते बघा. झाकण उघडल्यावर टाकीत उतरू मात्र नका, आतल्या वायूनं जीव जातो.

बादली ओतल्यावर काय झालं ते खाली लिहा, आणि कमोड काढलात तर पाईपाच्या तोंडाचा फोटो टाका. कुठला जोड लागेल ते सांगतो.