आजी पाठ का फिरवते

सानू,
काल व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आजीचा अंबाडा सुटलेला होता आणि तिने पटकन फोन भिंतीकडे वळवला. तू विचारलंस, आई, आजीला आपण बघायला नको असतो का? मी वेळ मारून नेली, पण मला लागलं ते.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं ते चंदेरी चित्र आठवतं? बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीचं, पाठमोरी बाई आरशासमोर केस वर घेतेय ते. तू म्हणालीस हिचा चेहराच दिसत नाही, चल पुढे. मी हलले नाही कारण मला चिपळूणचं माजघर दिसत होतं. मोठी आई दुपारी सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी आवरून फणेरपेटी उघडायची, भिंतीकडे तोंड करून बसायची, झाकणातला आरसा इतका डागाळलेला की त्यात तिला काय दिसायचं कोण जाणे, मग तेल, फणी, आणि शेवटी गुंतवळ बोटाला गुंडाळायची. तेवढा वेळ नानासुद्धा तिला हाक मारायचे नाहीत. मी मागे बसून बघायचे. तिला कळायचं, पण हाकलायची नाही.

आजीचंही तसंच असेल. पण खरं सांगू, केस मोकळे सोडले म्हणून मी खूप बोलणी खाल्लीयत, तिन्हीसांजेला विंचरले तर विचारूच नकोस, रडलेयसुद्धा. त्यामुळे सगळं छानच होतं असं नाही म्हणणार. थोडी लाज असेल, थोडा धाकही असेल. तू केस कसेही ठेव गं.

मोरिसोने जन्मभर घरातल्या बायका खूप रंगवल्या. १८७४ मध्ये इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या, पहिल्या प्रदर्शनात तिने बहिणीचं, एड्माचं चित्र लावलं, पाळण्यातल्या बाळाकडे बघत बसलेली. एड्मापण चित्रं काढायची, लग्न झालं आणि सुटलं. कमलआत्याच्या पेटी वाजवण्यासारखंच, नाही का? आणि त्या पाठमोऱ्या बाईच्या आरशात चेहरा नाहीये, पण आरशाच्या खालच्या कडेला मोरिसोने स्वतःची सही केलीय. परत गेलो की दाखवते, तुला यायचं असेल तर.

मोठ्या आईचे आपल्याकडे दोनच फोटो आहेत, दोन्हीत पदर दोन्ही खांद्यांवरून आणि कॅमेऱ्याकडे ताठ बघतेय. पाठमोरी बसलेली कुणीच टिपली नाही, मीपण नाही.

रविवारी आजीला विचार फणेरपेटी कुठेय. बहुतेक आत्याकडे गेली.

आई