समपूर लिहिणारीस

देवगड, ज्येष्ठ

चि. लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचलं. समपूरची एकसारखी घरं, एकाच मापाचं जेवण, परवानगी असलेली एकच बोली, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिसऱ्या प्रकरणातल्या चाबकाच्या फटक्यांनी मात्र मी हललो नाही. हललो ते नातवाला झोपवताना आजी अंगाई मध्येच तोडते आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवते, तिथे. तिला कुणी मारलेलं नाही, कुणी बघतही नाही. तिथून पुढे लिही गो.

एक गोष्ट खटकली. तुझे लोक पहिल्या दिवसापासून सक्तीवर चिडलेले आहेत. तसं होत नसतं. आमच्या बागेचंच बघ. वडिलांच्या वेळी गडग्याला लागून रायवळ आंबे होते, कोयीपासून वाढलेले, प्रत्येक झाड निराळं. एक आंबट, एक दोऱ्यांनी भरलेला, एक नुसता चोखायचा, एकाचं सासव नावाचं कालवण व्हायचं. भाव हापूसच्या पेटीला, म्हणून मी आपल्या हाताने ते तोडले आणि कलमं लावली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या वर्षी मला बरंच वाटलं होतं. समपूरमध्येही सुरुवातीला धान्य वेळेवर मिळू दे, वाडीतली भांडणं मिटू देत. नायिकेच्या बापाने एकसारखेपणाच्या त्या कायद्याच्या बाजूने हात वर केलेला असू दे.

हिशोब मागाहून येतो. कलम म्हणजे त्याच झाडाची पुन्हा काढलेली प्रत, म्हणून एकाला दुखणं लागलं की बाकीच्यांचीही सुटका नाही. आयर्लंडच्या गरिबांचं पोट लंपर या एकाच जातीच्या बटाट्यावर होतं, तोही कंद लावूनच वाढवलेला. १८४५ मध्ये करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत भुकेने आणि रोगराईने सुमारे १० लाख माणसं गेली. त्या काळातही तिथलं धान्य जहाजांतून बाहेर जात होतं. तुझ्या राज्यकर्त्यांचं चित्र रंगवताना हे विसरू नकोस.

हापूसला साका धरतो. फळ बाहेरून देखणं, कापलं की गर पांढरट आणि पोकळ. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दक्षिणेतल्या नीलमशी हापूसचा संकर केला, तेव्हा १९८१ मध्ये साका न धरणारा 'रत्ना' मिळाला. निराळं झाड कुठेतरी उभं होतं, म्हणून ते जमलं.

समपूरमध्ये निराळं काय उभं आहे? बोली पुसली तेव्हा वाऱ्यांची नावंही गेली असणार, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. 'वारा' एवढाच शब्द उरला तर बाप पोराला समुद्र शिकवणार कसा? आजीला ती नावं ठाऊक आहेत. सातव्या प्रकरणात तरुण मुलं होड्या लोटतात, तेव्हा तिला किनाऱ्यावर उभी कर. तिला वारा फिरलेला कळतो, नाव ओठांवर येतं आणि हात सवयीने तोंडावर जातो. होड्या जाऊ देत. चाबूक मग काढूनच टाक.

विहिरीजवळचा एक रायवळ माझ्या हातून वाचला. त्याच्या कोयी या आठवड्यात रुजत घातल्या आहेत. सातवं प्रकरण नव्याने लिहून झालं की आधी तेवढंच पाठव.

तुझा,
काका