खेळ नव्हे, जिम सोडवा

ताई, नमस्कार.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा सतरा वर्षांचा, चारशे मीटर धावतो, बारावीनंतर तिथल्याच एलएनआयपीई या शारीरिक शिक्षण संस्थेतून बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करायचीय. जिमच्या सरांनी ‘रिकव्हरी’साठी स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला आणि घरात वाद पेटला. यजमान म्हणतात, डोपिंग, म्हणजे बंदी असलेली औषधं घेऊन खेळणं, हा फौजदारी गुन्हाच हवा, म्हणजे धाक बसेल. तुम्ही विचारताय, उद्या पोरगाच आत गेला तर? खेळ सोडवू का?

खेळ राहू द्या, ती जिम सोडवा. आजच.

आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्यात खेळाडूला तुरुंग नाही. निकाल रद्द होतो, पदक जातं, बंदी येते. स्टेरॉइड असेल तर सहसा चार वर्षं. अल्पवयीन म्हणून थोडी सूट मिळूही शकते, पण त्या आशेवर सुई टोचून घ्यायची नसते. धावण्याच्या ऐन वयातली चार वर्षं गेली, की स्पोर्ट्स कोट्याच्या भरतीतही दाखवायला काही उरत नाही.

यजमानांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. खेळाच्या नियमात नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला की दोष लागला. मुद्दाम घेतला का, ते शिक्षा ठरवताना पाहतात. फौजदारी कोर्टात हेतू सिद्ध करावा लागतो. बरं, लघवीचा नमुना पोराचा. बाटली देणाऱ्या सरांचा नमुना कोण घेतो? म्हणजे सापडणार पोरगाच. जर्मनीने २०१५ मध्ये खेळाडूलाही तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, पण ती बड्या, कमावत्या खेळाडूंपुरती. अमेरिकेच्या २०२० च्या कायद्यात दहा वर्षांपर्यंतची कैद आहे, तीही डोपिंगचा कट रचणाऱ्यांना. खेळाडूला त्यातून वगळलंय. मला हीच वाट बरोबर वाटते.

आणि त्या सरांसाठी नव्या कायद्याची वाट कशाला पाहायची? नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल ही स्टेरॉइडं म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं. परवान्याशिवाय विकणं आजही गुन्हा आहे. बाटली हाती लागली तर लेबलचा फोटो काढा आणि औषध निरीक्षकाकडे तक्रार द्या.

मुलाला मात्र आरडाओरडा न करता विचारा, एखादं टोचून झालंय का. झालं असेल तर आधी डॉक्टर, स्पर्धा नंतर. सर्दीची गोळीसुद्धा ‘नाडा’ या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर बघून घ्यायची सवय लावा. डब्यातल्या प्रोटीन पावडरीत काय मिसळलंय ते ॲप सांगणार नाही, म्हणून तूर्त ती बंद.

बी.पी.एड.च्या प्रवेशाबद्दल त्याला स्वतःला लिहू द्या. शारीरिक चाचणीची तयारी कशी करायची, ते त्यालाच सांगेन.