पहिल्या वर्षी स्टॉल नको, आधी ड्रॉइंगचा आल्ट बघा

प्रश्न असा आहे: रेल्वे उद्योगाची प्रदर्शनं एवढी का वाढली, आणि लातूरला कोच फॅक्टरी झाली असताना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या छोट्या कारखान्यानं दिल्लीत किंवा बर्लिनला स्टॉल घ्यावा का?

घेऊ नये. निदान पहिल्या खेपेला तरी नाही. दिल्लीच्या सचखंड एक्सप्रेसचं तिकीट काढा, पिशवीत दोन नमुने टाका आणि प्रदर्शनाचे सगळे दिवस पायी फिरा. आम्ही वाळूजला रबर-मेटल बाँडेड, म्हणजे लोखंडी प्लेटेला रबर चिकटवलेले, भाग काढतो: पॅड, बुश, माउंट. आम्ही नेमकं उलट केलं, म्हणून ठामपणे सांगतो.

वाढ का झाली ते आधी. रेल्वे स्वतःच डिझाइन करते, स्वतःच डबे बांधते आणि स्वतःच खरेदी करते, तोवर माल विकणाऱ्याला एकच दार माहीत असलं तरी भागतं. युरोपात १९९१ च्या निर्देशानं रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे करायला लावले. १९९४ ला जर्मनीतल्या दोन्ही सरकारी रेल्वे मिळून एक कंपनी झाली, आणि १९९६ ला बर्लिनमध्ये इनोट्रान्स हे रेल्वे प्रदर्शन सुरू झालं. खरेदीदार एकाचे अनेक झाले तसं ते वाढत गेलं. २०२४ ला तिथं ५९ देशांचे २,९४० प्रदर्शक होते. आवारात ३,५०० मीटर रूळ आहेत, त्यांवर खऱ्या गाड्या उभ्या असतात.

आपल्याकडे सीआयआय ही उद्योगांची संघटना आणि रेल्वे मंत्रालय यांचं आयआरईई हे प्रदर्शन १९९० पासून भरतं. पूर्वी तिथं खरा खरेदीदार एकच होता. आता प्रत्येक शहराची मेट्रो कंपनी स्वतंत्र खरेदी करते, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चाला २.५२ लाख कोटी रुपये होते, आणि अख्ख्या गाड्या देखभालीसकट कंपन्यांकडून घेतल्या जातात. लातूरचंच बघा: १,९२० वंदे भारत स्लीपर डबे आणि पुढं ३५ वर्षांची देखभाल. पण लातूरच्या गेटवर जाऊन तुमचा पॅड कोणी घेणार नाही. तो बोगीवाला, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा बनवणारा, घेतो, ब्रेकवाला घेतो, दरवाजे आणि सीट बनवणारा घेतो. प्रदर्शनात तुमचं गिऱ्हाईक हेच लोक, आणि ते स्वतः स्टॉल लावून बसलेले असतात. त्यांना भेटायला तुम्हाला स्टॉल कशाला हवा?

आमचा स्टॉल ९ चौरस मीटरचा होता. एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग. टेबलावर सहा नमुने, सिलिकॉन स्प्रे मारून चकचकीत केलेले. दुसऱ्या दिवशी डबे बांधणाऱ्या एका कंपनीचा इंजिनिअर आला, पॅड उचलला, उलटा केला आणि तीन गोष्टी विचारल्या: ड्रॉइंगचा आल्ट (म्हणजे सुधारित आवृत्ती) कितवा, लोड-डिफ्लेक्शनचा (किती भाराला किती दबतो त्याचा) ग्राफ कुठाय, आगीची टेस्ट झाली का. आमचा पॅड जुन्या आल्टचा होता. नव्या आल्टमध्ये खालच्या प्लेटच्या भोकाचा व्यास आणि रबराची हार्डनेस, दोन्ही बदललेलं. ग्राफ नव्हता, कारण आम्ही शोअर ए हार्डनेस, म्हणजे रबराचा कडकपणा, तेवढा मोजायचो आणि पास म्हणायचो. पण हार्डनेस जुळली म्हणजे पॅड भाराखाली तेवढाच दबेल असं नाही. आकार आणि मधल्या प्लेटांची संख्या बदलली की दबणं बदलतं.

त्याहून वाईट होता कापलेला नमुना. आतले थर दिसावेत म्हणून एक पॅड बँडसॉवर कोरडा कापला होता. त्या माणसानं कडेला नख घातलं आणि रबर प्लेटवरून दोन मिलिमीटर सुटलं. कापताना तापलं असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण उरलेले पॅड परत आल्यावर ओढून पाहिले, तर दोष बाँडिंगमध्ये निघाला. प्लेटा संध्याकाळी ग्रिट ब्लास्ट केल्या होत्या, म्हणजे बारीक कणांचा मारा करून साफ केल्या होत्या, आणि प्रायमर, म्हणजे रबर चिकटण्यासाठीचा पहिला लेप, दुसऱ्या दिवशी सकाळी लावला होता. पावसाळी हवेत एका रात्रीत उघड्या लोखंडावर गंजाचा बारीक थर येतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण प्रायमर त्यालाच चिकटतो. ब्लास्ट झाल्यावर त्याच पाळीत, काही तासांच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. प्लेटेला उघडा हात नको, बाँड बिघडायला बोटांचं तेल पुरेसं होतं. प्रायमर पूर्ण वाळल्याशिवाय वरचा कोट नको, नाहीतर आत अडकलेलं सॉल्व्हंट क्युअरच्या, म्हणजे रबर पक्कं करण्याच्या, उष्णतेनं फुगतं.

आता नमुना न्यायचा तर असा न्या: चालू आल्टचा, स्प्रे न मारलेला, रोजच्या लॉटमधून उचललेला. लेबलवर ड्रॉइंग नंबर, आल्ट, बॅच आणि क्युअरची तारीख. सोबत एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि ग्राफ. कापायचा असेल तर पाणी सोडत, सावकाश. आगीसाठी ईएन ४५५४५-२ हे युरोपीय मानक मागतील. कुठली एचएल (आगीच्या धोक्याची) पातळी हवी ते त्यांनाच विचारा, गाडी कुठं चालणार यावर ते ठरतं. साधं नॅचरल रबर तिथं टिकत नाही. आग रोखणारे फिलर घातले की कॉम्प्रेशन सेट बिघडतो, म्हणजे दबलेलं रबर पूर्ण परत येत नाही, म्हणून कंपाउंड नव्यानं बसवावं लागतं. त्याला महिने लागतात, ते काम प्रदर्शनाच्या आधीचं.

रेल्वेला थेट द्यायचं असेल तर यूव्हीएएमवर, म्हणजे पुरवठादार मंजुरीच्या पोर्टलवर, एकेका वस्तूची नोंदणी करावी लागते. एसटीआरमध्ये, म्हणजे त्या वस्तूसाठीच्या तांत्रिक गरजांच्या यादीत, लिहिलेलं प्रत्येक मशीन आणि मोजमापाचं साधन तुमच्याकडे हवं. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली असली तरी फाइल अडते.

माझा चुलत भाऊ, कारखान्यातला भागीदार, अजून म्हणतो, "ओळखी वाढायल्यात की, तुला कळंना." ओळखी झाल्या, खरं आहे. पेटीभर कार्डं आली, त्यातून एकही ड्रॉइंग आलं नाही. पुढच्या प्रदर्शनाला स्टॉलच्या पैशात कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन घेतलं, मी एकटा पिशवी घेऊन फिरलो, आणि दोन कंपन्यांनी कोटेशनसाठी ड्रॉइंग पाठवलं. तो म्हणतो हे आधीच्या स्टॉलमुळेच झालं. त्या दोन्ही कंपन्या आधी आमच्या स्टॉलवर आल्या नव्हत्या, कार्डांच्या पेटीत बघून घ्यावं.

तरी दोन अपवाद सांगतो. तुमचा माल चालवून दाखवायचा असेल, म्हणजे सेन्सर, दरवाजाची यंत्रणा, तपासणीचं मशीन, तर स्टॉल लागतोच. आणि मालाला रेल्वेची मंजुरी हातात असेल तर जरूर घ्या. उद्यम नोंदणी असल्यास केंद्राच्या योजनेतून भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो, अर्ज मात्र प्रदर्शनाच्या आधी करा.

बर्लिनला नमुने पाठवून परत आणायचे असतील तर फिक्कीकडून एटीए कार्नेट काढा, म्हणजे माल तात्पुरता ड्युटीशिवाय नेण्याचं कागदपत्र. यादीत प्रत्येक नगाचं वजन आणि नंबर लिहा, आणि परतताना तिथल्या कस्टमचा शिक्का घेतल्याशिवाय माल पुढं सोडू नका, नाहीतर माल तिथंच विकला असं धरून ड्युटी मागतात. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा छाप हवा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला. नेहमीच्या सुताराकडची पेटी तिथं चालत नाही.