सायकल चालवताना गाणी ऐकायची तर इअरफोन बरा की स्पीकर?
ऐका, पण कान मोकळे ठेवून. बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड सायकलवर नकोतच. मागून येणारी गाडी आधी कानाला कळते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा तर आवाजही जेमतेम. मी गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन वापरतो. बास, म्हणजे गाण्यातला खर्जाचा आवाज, यथातथाच, पण कान उघडे राहतात. खरी गोची वाऱ्याची: वेग वाढला की तो कानात घोंघावतो आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. अशा वेळी गाणं बंदच केलेलं बरं. कारण आवाज थोडा वाढला तरी कानाला इजा न होता ऐकायचा वेळ झपाट्याने घटतो: ८५ डेसिबलला (डेसिबल हे आवाज मोजायचं एकक) ८ तास ही मर्यादा धरली, तर ८८ ला ती ४ तासांवर येते. हँडलवरचा स्पीकर? निर्जन रस्त्यावर चालेल. माणसं दिसली की बंद करा, तुमची आवड सगळ्यांनी का सोसायची? आणि गाणं बदलायचं ते थांबून.